हाळीमास्तरांची हजेरी

आमच्या हेडमास्तरांचा आवाज शाळेत मावत नसे. ते पाढे घ्यायला लागले की ओढ्यापलीकडे वालाच्या शेंगा खुडणाऱ्या बायका हात न थांबवता पुढचा आकडा बोलून टाकत. एखादं पोर शाळा चुकवून गुरांमागे गेलं तर गुरुजी शाळेच्या पायरीवर उभे राहत, तोंडाभोवती ओंजळ धरत आणि त्याच्या नावानं अशी हाळी देत की रानातले सगळे गुराखी तेच नाव एकामागून एक पुढे पोचवत. त्या पोराला मग लपून राहण्यात अर्थ नसे. गावानं त्यांचं नाव हाळीमास्तर ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "बरं नाव आहे," ते मला एकदा म्हणाले, "हाळी ऐकली की माणूस निदान वळून तरी बघतो."

कर्जतहून कळंबकडे जाताना रस्त्याच्या जरा आत, भातखाचरांच्या मधोमध ते गाव. शाळा दोन शिक्षकांची. ते हेडमास्तर, मी दुय्यम. मी मूळचा लोधिवलीकडचा, पण मामाचं घर या गावात, म्हणून नोकरीही इथंच मागून घेतलेली. मामाकडे खाचरं होती, कणगी भरलेली असायची, घरात देवाच्या दयेनं कुणाला काही झालं नाही. दोन्ही वेळा मी पोटभर जेवत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात कोण जेवत होतं आणि कोण नव्हतं याला महत्त्व आहे.

आणखी एक सांगतो. मी हे गुरुजींचे गोडवे गायला बसलेलो नाही. मला राग आहे, आणि इतक्या वर्षांत तो उतरलेला नाही. रागावताना माझी पंचाईत अशी होते की ज्या खात्यानं त्यांचा छळ केला त्याच खात्यातल्या एका खुर्चीत मी आज बसतो. असे हुकूम माझ्याही टेबलावरून जातात. मी सह्या करतो.

गुरुजींची हजेरी घ्यायची रीत सगळ्या तालुक्यात वेगळी होती. ते पोराला बापाच्या नावानं पुकारत नसत, आईच्या नावानं पुकारत. "नारायण भागीचा. केशव यमुनेचा. ठमी सखूची." नवा आलो तेव्हा मला हसू आलं. एका बापानं येऊन तक्रारही केली की पोराला बाप नाही काय. गुरुजी म्हणाले, "अरे बाबा, तू दिवसभर नांगरामागं. पोरगं नाही आलं तर जाब विचारायला मला घरी सापडतं कोण?" तो बाप डोकं खाजवत म्हणाला, "ती तर मलापन सापडत नाय," आणि गुरुजींच्याही आधी हसत सुटला. मग ती रीत गावानं मान्य करून टाकली. बायका मात्र मनातून खूश होत्या. शाळेच्या बाजूनं पाण्याला जाताना आपलं नाव कानावर पडतंय का म्हणून चाल थोडी मंदावत.

त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते, खोल आणि दाट. लहानपणी त्यांना देवी येऊन गेल्या होत्या, त्यात त्यांच्या दोन बहिणी गेल्या. त्याबद्दल ते फारसं बोलत नसत. देवी टोचणारा गावात आला की मात्र ते आपला चेहरा त्याच्या कामाला देत. कुणी पोर लपवलं की त्या घरापुढे जाऊन उभे राहत. "बघा, हे बघा जवळून," असं आईला म्हणत. "नुसत्या वणांवर निभावलं म्हणून मी आहे. टोचू द्या." निम्मी घरं ऐकत, निम्मी पोरांना माळ्यावर चढवून बसत.

ती साथ आली तेव्हा लढाई चालू होती. सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत भात गेलं होतं, रॉकेल मिळत नव्हतं. भाताच्या रोपांची जमीन भाजायचे, राबाचे दिवस. सगळ्या खाचरांतून धूर निघत होता, आणि खालच्या आळीत पहिल्या दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. मग दुसऱ्या. मग वरच्या आळीतही.

आमच्याकडे घरात देवी आल्या की काय काय पाळतात ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उंबऱ्याच्या आत परका माणूस येत नाही, आतला बाहेर पडत नाही. फोडणी करायची नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि कांडण-दळण करायचं नाही. उखळीत मुसळ पडलं तर देवीला घाव बसतो म्हणतात. म्हणजे ज्या घरात लेव्हीतून वाचलेलं थोडं भात होतं, त्या घरातही तांदूळ नव्हता. भात कणगीत, पोरं उपाशी. शेजारीण कांडून देईल म्हणावं तर ती म्हणे, आमच्या उखळीत देवीच्या घरचं भात नको. आणि ज्यांच्याकडे भातच नव्हतं, त्या मजुरांच्या घरात मजुरीला बाहेर पडायचीही सोय उरली नाही.

त्या आठवड्यात टपालानं वरून दोन हुकूम आले. एकात लिहिलं होतं, ज्या गावी साथ आहे तिथली शाळा ताबडतोब बंद करावी. दुसऱ्यात लिहिलं होतं, तालुक्यातल्या चालू शाळांमधल्या हजर मुलांना सरकारातून तांदूळ मिळेल. गुरुजींनी दोन्ही वाचले, मग एकमेकांशेजारी ठेवून पुन्हा वाचले. मला एरवी ते सदाशिव म्हणत, चिडले की सदाशिवराव.

"सदाशिवराव, हे दोन्ही एकाच माणसानं लिहिलंय का बघा बरं."

"सही एकच आहे, गुरुजी."

"म्हणजे एका हातानं दार लावून घेतलंय आणि दुसऱ्या हातानं त्याच दाराच्या आत जेवायला बोलावलंय."

गुरुजींनी दोन्ही कागद पेटीत ठेवले. मग उठून टोपी चढवली, शाळेला कडी घातली आणि म्हणाले, "शाळेचं घर बंद करायला सांगितलंय, ते केलं. शाळा बंद करायला मी काही कबूल नाही."

दुसऱ्या दिवसापासून शाळा आळीत भरायला लागली. वरची आळी माझ्याकडे, खालची त्यांच्याकडे, कारण खाली दारं जास्त बंद होती आणि देवी पुन्हा येत नाहीत हे त्यांचं म्हणणं होतं. दारासमोर अंगणाबाहेर उभं राहायचं, नाव पुकारायचं, आतून हजर ऐकायचं. मग दारातूनच कविता म्हणून घ्यायची, गणित घालायचं, पाटी दाखवायला लावायची. आजारी कोण, खाल्लं काय, हेही विचारायचं. त्याला वरच्या हुकमात कुठं जागा नव्हती, पण गुरुजी ते पाढ्यांइतकंच नेमानं विचारत.

पहिल्याच दिवशी खालच्या आळीतली एक म्हातारी ओट्यावरून हात हलवत आली. "मास्तर, वरडू नका वो. आई बसलीय घरात. तिला तरास व्हतो."

तेव्हा मी गुरुजींचा हळू आवाज पहिल्यांदा ऐकला. तो माणूस हळू बोलू शकतो यावर गावाचा विश्वास नव्हता. त्यांनाही तो जमत नव्हता, शब्द मध्येच मोठा व्हायचा आणि ते तोंडावर हात ठेवायचे. तरी शिकले. कडुनिंब लावलेल्या दारापुढे वाकून, देवळात बोलावं तसं, "केशव यमुनेचा," म्हणायचे आणि मान तिरकी करून वाट बघायचे.

खालच्या आळीच्या टोकाला सखूबाईचं घर. नवरा मागेच गेलेला, ती दुसऱ्यांच्या खाचरात राबणारी. तिला देवी आल्या होत्या आणि तिसरीतली ठमी आईचं आणि धाकट्या गोपाळचं सगळं बघत होती. तिच्या दाराशी गुरुजी सर्वांत जास्त रेंगाळत.

"ठमी सखूची."

"हजर. गोपाळपन हजर."

"गोपाळचं नाव कुठाय गं शाळेत?"

"मंग घाला की. तो काय जातोय कुठं, दार तर बंदच हाय."

गुरुजींनी गोपाळला शाळेत घातलं. तेव्हा तो शाळेच्या वयाचाही नव्हता. मग त्यांनी ठमीला गणित घातलं, "एका पायलीला चार शेर, तर दोन पायल्या तांदळाचे किती?"

"आठ," ती म्हणाली. "पन हायेत कुठं?"

ते मला हे सांगत होते तेव्हा आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो होतो. त्या दिवसापासून त्यांनी धान्याची गणितं बंद केली. फांदीवरच्या चिमण्या आणि झाडावरचे आंबे मोजायला लागले.

उखळीचा तोडगा काकूंचा, गुरुजींच्या बायकोचा. त्या एरवी फार बोलत नसत. म्हणाल्या, "देवीच्या घरात कांडत नाहीत, शेजारी कांडू देत नाहीत. शाळेत कुठं देवी आहे?" झालं. त्यांच्या घरचं उखळ शाळेच्या ओसरीवर येऊन बसलं. बंद घरांतून भाताची पाटी अंगणाच्या कडेला ठेवली जायची, गुरुजी ती उचलून आणायचे, काकू आणि गुरुजी आळीपाळीनं मुसळ धरायचे, आणि संध्याकाळच्या आत तांदूळ त्याच पाटीतून परत जायचा. ज्यांच्याकडे भात नव्हतं त्यांना काकू आपल्या घरातून देत. ते किती पुरणार. मी मामाकडून दोनदा मागून आणलं, तिसऱ्यांदा मामींनी कणगीवर झाकण ठेवलं आणि मी पुन्हा मागितलं नाही.

पाटील ओसरीशी येऊन उभे राहिले तेव्हा गुरुजी सदरा काढून मुसळ घालत होते. "मास्तर, शाळंत उखळ? उद्या गिरन घालाल."

"घालतो की. इंजिन तुमी द्या."

"आनि पोरांनी शिकायचं कंदी?"

"जेवल्यावर, पाटील. तुमी घरी काय आधी करता?"

पाटील हसले, पण जाताना त्यांनी जोत्यापाशी पसरलेल्या तुसाकडे बघितलं ते मला आवडलं नाही. पाटील वाईट होते असं नाही. त्यांच्या घरचं भात खुशाल होतं एवढंच.

तांदळासाठी गुरुजींनी वर कळवलं की शाळा चालू आहे, मुलं रोज हजर आहेत, तांदूळ पाठवावा. उत्तर म्हणून तालुक्याच्या शाळा बघणारे डिपोटीसाहेब स्वतः तपासायला आले. कर्जतपर्यंत गाडीनं, पुढे टांग्यानं. पण टांगा गावात आणला नाही. गावाच्या अलीकडे बांधावर आंब्याच्या सावलीत उभे राहिले, रुमाल नाकाशी. सोबत कारकून. पाटील आणि आम्ही दोघं तिथं गेलो.

"मास्तर, तुमची शाळा दाखवा."

"ही काय साहेब. आळीभर पसरलीय."

साहेबांना वाटलं हा चेष्टा करतोय. गुरुजी चेष्टा करत नव्हते. त्यांनी खालच्या आळीत जाऊन दारादारापुढे वाकत हळू आवाजात हजेरी घेतली, आणि बांधावरून आम्ही बघत होतो. ज्याचं नाव पुकारलं जाई ते पोर दारात येई आणि पाटी डोक्यावर धरी. एक पाटी, मग पुढच्या दारात दुसरी. काही दारांत पाटी आली नाही, तिथं आतून नुसताच हात दिसला. कारकून बोटांवर मोजत होता. मला वाटलं, आता साहेबांना काही म्हणायला जागा नाही. वाटून मी खूशही झालो.

गुरुजी परत आले. साहेब म्हणाले, "मुलं घरी आहेत."

"होय."

"शाळेत नाहीत. तिथं तर भाताचं तूस दिसतंय. हजर म्हणजे शाळेच्या छपराखाली हजर, मास्तर. हे मी मुलांना हजर कसं म्हणू?"

"मी नाव घेतलं, त्यांनी ओ दिली. आणखी हजर म्हणजे काय असतं, साहेब?"

साहेब रागावले नाहीत, हेच मला अजून सलतं. ते सौम्यपणे, समजुतीनं बोलत होते. म्हणाले, "असं करा. फक्त तासभर सगळ्यांना शाळेत आणून बसवा. मी इथूनच बघतो. चालू आढळली असं लिहितो, तांदूळ या आठवड्यात येईल. तासाभरानं द्या सोडून."

"देवीच्या घरातली पोरं आणि बिनदेवीची पोरं, एका खोलीत?"

"तासभरच."

"आपण बसाल त्यांच्यात, तासभर?"

साहेबांनी रुमाल पुन्हा नाकाशी नेला. पाटील मध्ये पडले. "मास्तर, कशाला इरेला पडता? तासाभरानं काय व्हतंय? पोरांच्या पोटाचं हाय."

"पोटाचंच आहे, पाटील. तुमचा बाळू आणतो मी पहिल्यांदा. बसवू ठमीच्या मांडीला मांडी लावून?"

पाटील टांग्याकडे बघायला लागले.  खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं होतं की बसवावीत. गुरुजी म्हणाले, "साहेब, मी पोरं गोळा करणार नाही. तुमच्याच हुकमात लिहिलंय की करू नका. एक हुकूम पाळला म्हणून दुसरा तोडला असं होत असेल, तर दोष पोरांचा नाही. तांदूळ द्या."

टांगा वळला. आठ-दहा दिवसांनी कळलं की शाळा बंद आढळली, सबब तांदूळ देता येत नाही. पुढे एक वाक्य होतं की गावात घरोघर भात असल्याचं समजतं. हे कुणी समजावलं ते मी कधी विचारलं नाही. भात होतंच की घरोघर, कांडता येत नव्हतं एवढंच, आणि सखूबाईसारख्यांच्या घरी तेही नव्हतं. पण हे ज्याला समजून घ्यायचं त्याला आळीत यावं लागलं असतं.

सखूबाई बरी होऊन उठली. मग ठमीला देवी आल्या. त्यातूनही ती बाहेर आली, खपल्या धरल्या, दारात येऊन हजर म्हणायला लागली. काकू पेज पोचवत होत्या, ती पातळ होत होत पाण्यासारखी झाली होती, कारण काकूंचंही सरत आलं होतं आणि अशी घरं एक नव्हती. ठमी स्वतःची पेज गोपाळला देते हे सखूबाईनं नंतर सांगितलं. मग साधा ताप आला. अंगात त्याला तोंड द्यायला काहीच उरलं नव्हतं. गुरुजी दुपारी दाराशी गेले, "ठमी सखूची" म्हणाले. आतून गोपाळ म्हणाला, "ती झोपलीय. उठत नाय."

ती देवीनं मेली असं गावात म्हणतात. वर गेलेल्या कागदातही तसंच लिहिलं असेल. ती देवीनं मेली नाही. मी हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं लिहायची मला परवानगी नाही.

पाटील गुरुजींना पारावर म्हणाले, "तासभर पोरं बसवली असती तर?" गुरुजी पारावरून उठून आले. ओसरीवर उखळाशेजारी बराच वेळ बसले. मग मला विचारलं, "सदाशिव, बसवायला हवी होती का रं?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. आजही माहीत नाही. बसवली असती तर कदाचित ती जगली असती आणि कदाचित आणखी पाच घरांत डहाळे लागले असते. हा हिशेब कुणालाच करता येणार नाही. मला एवढंच कळतं की हा प्रश्न त्या माणसाच्या गळ्यात पडायला नको होता. ज्यानं तो बांधावर उभं राहून त्याच्या गळ्यात टाकला, तो त्या रात्री आपल्या घरी शांत झोपला असणार. त्याला कुणी काही विचारलं नाही. माझ्या खात्यात अशांना कुणी काही विचारत नाही, हे मी आता आतून सांगतो.

पावसाळा तोंडावर आला, साथ ओसरली, शाळेचं दार उघडलं. आणि मग तांदूळ आला. बैलगाडीतून पोती उतरली, तोंड सोडलं तर तांदळात टोके किडे वळवळत होते. सोबत कारकून, वाटप आपल्यासमोर व्हावं म्हणून. चालू शाळा, हजर मुलं, आता सगळं नियमात बसत होतं.

गुरुजींनी आदल्या दिवशी आळीत फिरून बायकांना बोलावून घेतलं होतं. त्या ओसरीखाली पदर सावरून उभ्या होत्या. हजेरी सुरू झाली, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो मूळचा आवाज लागला. ओढ्यापलीकडे ऐकू गेला असेल. पोर ओ देई, पुढे येई, आई पदर पसरी, मी माप घाली. मग ते म्हणाले, "केशव यमुनेचा."

कुणी ओ दिली नाही. कारकुनानं मान वर केली. केशव साथीतच गेला होता. यमुनाबाईनं पदर आवळून धरला.

"यमुना, पुढं ये बाय," गुरुजी म्हणाले. "सदाशिव, घाल माप."

"मास्तर, हा मुलगा हजर नाही," कारकून म्हणाला.

"तो हजर होता तेव्हा तांदूळ हजर नव्हता. घाल रे."

मी माप घातलं. तेवढं एक काम मी न थांबता केलं, एवढंच माझ्या बाजूनं सांगण्यासारखं आहे. "ठमी सखूची," गुरुजी म्हणाले. सखूबाई पुढे आली नाही. तिनं गोपाळला पुढे ढकललं. तो सदऱ्याचा घोळ पुढे धरून उभा राहिला आणि म्हणाला, "हजर." मी माप घालताना गुरुजींनी त्याच्या सदऱ्याला खालून हात दिला.

महिनाभरात ठपका आला. शाळा बंद असताना चालू दाखवली. शाळेच्या इमारतीत भात कांडलं. वयात न बसणाऱ्या मुलाचं नाव दाखल केलं. आणि मयत मुलांच्या नावे धान्य उचललं. उचललं हा शब्द त्यांना फार लागला. बाकीच्यांवर ते हसले, या शब्दावर नाही. "सदाशिव, मी उचललं म्हणतात रं," एवढंच दोन-तीनदा म्हणाले.

त्यांची बदली खालापूरकडे, डोंगरातल्या एका ठाकूरवाडीवर झाली. पायवाटेशिवाय रस्ता नाही, शाळा म्हणजे कुडाची खोली. निघाले त्या दिवशी अर्धं गाव पाणंदीपर्यंत गेलं. पाटीलही होते, गाडी त्यांचीच होती. सखूबाईनं वालाच्या शेंगांचं गाठोडं काकूंच्या मांडीवर ठेवलं. गुरुजी मला म्हणाले, "पोरांना आईच्या नावानं पुकारत जा. बाकी तुला जमेल तसं कर." मी वर्षभर पुकारलं. मग तपासणीत एका साहेबानं विचारलं की ही काय पद्धत, आणि मी बापाच्या नावावर आलो.

वाडीवर गुरुजी काही वर्षं होते. चौकशी पुरी झाली नाही, म्हणून बढती नाही, मागितलेली बदली नाही, सेवेचं काही पक्कं नाही. आमची शाळा खात्याला कधी चालू आढळली नाही, चौकशी मात्र वर्षानुवर्षं चालू होती. तिथल्या पावसात त्यांना छातीचा विकार जडला आणि तिथंच ते गेले. मला कळलं तेव्हा दिवस होऊन गेले होते.

मी परीक्षा देत देत वर सरकलो, त्याच ऑफिसात आलो. ते प्रकरण माझ्या अखत्यारीत यायला बराच काळ जावा लागला, आणि आल्यावरही मी ते लगेच हातात घेतलं असं नाही. भीती वाटत होती. शेवटी घेतलं, सगळं वाचलं, आणि सदर शिक्षकाकडे दोष आढळत नाही, चौकशी बंद, असा निकाल वरून मंजूर करून आणला. त्याची एक नक्कल घेऊन काकूंकडे गेलो. त्या शिळफाट्याला भावाच्या घरी राहत होत्या. दुकानामागची खोली, बाहेर गाड्यांची घरघर.

मी कागद वाचून दाखवला. वाचताना मला वाटत होतं मी काही मोठं करून आलोय. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले नाहीत. वाचून झालं तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं आणि कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला.

"दोष त्यांचा नाही म्हणतोस."

"नाही, काकू. तसं स्पष्ट लिहिलंय."

"ते मला ठाऊक होतं. मग कुणाचा, ते कुठं लिहिलंय?"

मी म्हणालो, तसं लिहीत नाहीत.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली. "ते लिहून आण," म्हणाल्या. "मग ठेवून घेते."

मी त्यानंतर त्यांच्याकडे गेलेलो नाही.